पंचेचाळीस लिटर

"किती लिटरची दाखवू?" पोरगीनं विचारलं
आणि मला हसू आलं.
चाळीस वर्षं गंगावेशीच्या कट्ट्यावर
गिऱ्हाइकासमोर धार काढून देतोय,
लिटर मला हाताला कळतो,
फेस बसायच्या आधी आणि बसल्यावरही.
पाठीवरची पिशवीसुद्धा लिटरात मोजतात
हे शाहूपुरीतल्या त्या दुकानात पहिल्यांदा ऐकलं.

"दिवसापुरतं जाणार असाल तर वीस बास, काका.
रात्र काढायची असंल तर पंचेचाळीस."
तहसीन बागवान. नाव खिशावर लावलेलं.
तिला कसं सांगू,
माझा दिवस दोन धारांच्या मधला,
पहाटे चार ते दुपारी चार.
हळद लागलेल्या हातानंही मी धार काढलीय.
तेवढ्या वेळात पन्हाळा होतो.
पुसाटी बुरुजावर उभं राहायचं,
खाली पोरं मसाईच्या पठाराकडं निघालेली,
पाठीवर अंथरूण-पांघरूण बांधलेलं,
ती दिसेनाशी होईस्तोवर बघायचं
आणि घड्याळ बघून मागं फिरायचं.

वीसची उचलली. हलकी, देखणी.
पाण्याची बाटली, भडंगाची पुडी, टॉवेल.
संपली.

"मोठी घालून तर बघा."
त्याआधी तिनं टेप काढला.
मानेखाली जो मणका बोटाला लागतो
तिथनं कमरेच्या हाडापर्यंत.
साडेअठरा इंच, ती म्हणाली, आणि लिहून घेतलं.
एकोणसाठ वर्षांत माझी पाठ कुणी मोजली नव्हती.
मी मोजल्यात, बाजारात, वितीनं, म्हशींच्या.

मग वाळूच्या पुड्या भरल्या, आठ किलो.
झोपायचं सामान तळाला,
जड ते मध्ये, पाठीला चिकटून,
पावसाचं अगदी वर, हात घातला की निघंल असं.
"कमरेचा पट्टा आधी. खांद्याचे मागनं.
वजन खांद्यानं न्यायचं नसतंय, काका, कमरेनं न्यायचं."
हे आमच्या आईला ठाऊक होतं,
पंचगंगेवरनं घागर कडेवर आणायची ती.
आम्ही गडी तेवढे
सगळं खांद्यावर घेऊन बसलो.

दुकानाच्या जिन्यावर तीनदा चढलो, उतरलो.
पहिल्यांदा बंद काचला, तिनं सैल केला.
दुसऱ्यांदा पिशवी डावीकडं ओढत होती.
तिसऱ्यांदा खांदे आहेत हेच विसरलो.
आरशात एक माणूस कुठंतरी निघालेला दिसला,
बंडीवर शेणाचा डाग.

छत्तीसशे रुपये.
ऐंशीच्या भावानं पंचेचाळीस लिटर.
पुन्हा हिशेब केला, तेवढाच आला.
तिला सांगितलं तर म्हणते,
"मग बिनपाण्याचं द्या म्हणजे झालं."
नाद खुळा पोरगी.
मी घासाघीस करायचंच विसरलो.

घरी नीलव्वानं आत कोपरापर्यंत हात घातला,
कणगीचा तळ चाचपावा तसा.
"एवढ्यात काय काय नेणार?"
चादर. टॉर्च. दोन बंड्या, एक धुतलेली, एक अंगावरची.
करपेवाडीत कुणाच्या तरी पडवीत झोपायचं,
सकाळी पुढं खिंडीकडं.
"आणि सकाळची धार?"

त्याला उत्तर नव्हतं.
पिशवी गोठ्याच्या खुंटीला अडकवली.
तुंगी दावं ताणून पुढं आली,
नव्या कापडाचा वास घेतला, शिंकली.
माझ्याशिवाय कुणाच्या हाताला ती पान्हा सोडत नाही.
नीलव्वाला एकदा लाथ बसलीय,
गुडघ्याखाली अजून खूण आहे.

रात्री जेवताना काहीच बोलली नाही.
ताटं उचलता उचलता म्हणाली,
"ती मळकी बंडी ठेवून जावा.
मी अंगात घालून बसते.
अंधारात तिला काय कळतंय."

उठलो, खुंटीवरची पिशवी काढली,
एक बंडी परत दोरीवर टाकली.
न धुता.