तीन दिवसांचा तांदूळ

आई म्हणाली, तीन दिवस.
सैन्य पुढे सरकलं की परत यायचं.
तीन दिवसांचाच तांदूळ बांधते, जास्त नको,
होडीत माणसंच मावत नाहीयेत.

मी पंधरा वर्षांची होते, आणि रुसलेली.
गुत-सुनला ताप, म्हणून ती आईच्या कुशीत राहणार.
गुत-सुन म्हणजे शेवटची.
मुली आता पुरे, हे आकाशाला कळावं
म्हणून ठेवलेलं नाव.
ताल-सूदादाला पेंढ्याच्या गंजीतून ओढून नेलं होतं
त्या आठवड्यात गावात ज्यांचं सैन्य होतं त्यांनी.
पुढच्या आठवड्यात दुसरे आले,
आणि विचारू लागले, मुलगा कुठे आहे?
आई म्हणाली, तुम्हालाच विचारणार होते.

रात्रभर भरतीची वाट पाहत उभे होतो,
योनबेकच्या किनाऱ्यावर, पोटरीपर्यंत गोठत्या चिखलात.
कोणी खोकायचं नाही.
डोक्यावरचं गाठोडं मानेत रुतत होतं.
मी मामाच्या कानात म्हटलं,
तीन दिवसांचा तांदूळ एवढा जड असतो?
मामा वल्ह्याला चिंध्या गुंडाळत होता, आवाज होऊ नये म्हणून.
म्हणाला, अंधारात सगळंच जड लागतं.

ग्योदोंग बेट. समोरच आमचा किनारा,
मधे हाकेच्या थोडं पलीकडचं पाणी.
मी वाटीने मोजून शिजवत होते.
सकाळी अर्धी, रात्री अर्धी.
तिसऱ्या दिवशी निघायची तयारी केली, केस विंचरले.
मामी काहीच बोलली नाही.
सातव्या दिवशी तांदळात हात घातला
तो कोपरापर्यंत गेला.
बाराव्या दिवशीही तळ लागेना,
तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली.
अन्न संपत नाही म्हणून घाबरलेली मुलगी
त्या बेटावर मी एकटीच असेन.

तळाशी, वाक्याच्या शेवटी लपवलेल्या शब्दासारखा,
माझा उन्हाळ्यातला सुती परकर निघाला.
बाहेर बर्फ.
त्याची टीप उसवून आईने तो खाली सोडला होता,
एक नाही, दोन नाही,
चांगली चार बोटं.
रात्री दिव्याशिवाय घातलेले टाके, वाकडेतिकडे,
एका ठिकाणी सुतावर तपकिरी ठिपका.
सुई टोचली असणार.
मी तो अंगाला लावून पाहिला. पायात लोळत होता.
मग मामीला म्हटलं,
आईला मापातलं काही कळत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात तो मी कमरेत दुमडून नेसले.
दुसऱ्या उन्हाळ्यात कमी दुमडून.
तिसऱ्या उन्हाळ्यात, कुठल्याशा तंबूत कागदांवर सह्या झाल्या
आणि आमच्या पाण्यातून एक रेघ गेली म्हणतात.
होड्या किनाऱ्यावर उलट्या करून ठेवल्या,
वल्ही पोलिसांनी मोजून नेली.
त्याच आठवड्यात परकर मला बरोबर बसला.

रोज संध्याकाळी मी बांधावर जायचे.
पलीकडे टेकडीच्या पायथ्याशी एक धुराडं होतं.
धूर उशिरा आला तर आईचं सरपण ओलं आहे.
दुपारी दिसला तर गुत-सुनला पुन्हा ताप, पाणी तापतंय.
एकदा दोन दिवस धूर नव्हता, मी जेवले नाही.
तिसऱ्या दिवशी दिसला, आणि तो इतका जाड होता
की दादा आला असणार, हेही मी ठरवून टाकलं.

एकदा मामा जाळं वाळवायला तिथे आला.
मी त्याला बोटाने दाखवलं.
तो बराच वेळ हातातली गाठ सोडवत राहिला.
मग म्हणाला, पोरी, आपलं घर टेकडीच्या मागे आहे.
इथून दिसत नाही.
कधीच दिसत नव्हतं.

म्हणजे तीन वर्षं
कोणाच्या तरी आईचा धूर मी वाचत होते.

दुसऱ्या दिवशी गेले नाही.
त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले.
वारा उत्तरेचा होता.
त्यांचा भात थोडा करपला असावा.