हे कोण बोलतंय

फैजपूरच्या बसस्टँडमागे, कृषी केंद्राला लागून
माझं टायपिंगचं दुकान.
सकाळी केळीच्या गाड्यांच्या बिल्ट्या, दुपारी शपथपत्रं,
आणि चार वाजता, ऊन कलायच्याही आधी,
वायकोळे सर. रिटायर. सायकलवर.
हँडलला पिशवी, पिशवीत प्रकरण पहिलं.
दुसरं अजून नाही.

आधी ते असं सुरू व्हायचं :
'त्या रात्री गेटमन सुकदेव सपकाळेला झोप लागली.'
कोण सांगतंय ते कळत नव्हतं.
पाण्याच्या टाकीवर उभं राहून कुणी बोलावं
तसा आवाज, त्याला सगळंच दिसत होतं :
उघडं फाटक, मध्येच बंद पडलेला ट्रक,
वळणावर एक्सप्रेसचा दिवा,
आणि नंतर रुळांवर हिरवी केळी, लांबवर.
मी अडीच पानं टाइप केली. पानाला दहा रुपये.

आठवड्याने सर म्हणाले, हा तर देवाचा आवाज झाला,
आणि देव कधी नाइट ड्यूटीला बसलाय?
मग सुकदेव स्वतःच बोलू लागला. 'मी'.
ज्याने उभ्या जन्मात 'किंचित' म्हटलं नसेल
तो एका परिच्छेदात तीनदा म्हणाला.
मी गप्प. टायपिस्टने ऱ्हस्व-दीर्घापुरतं बोलावं.

मग 'आम्ही' आले. सगळा गाव एका तोंडाने :
'आम्ही तेव्हा पारावर होतो, आम्ही काही पाहिलं नाही.'
हे मला आवडलं होतं, खरं सांगते.
'आम्ही' म्हटलं की कुणाचीच सही लागत नाही.
पण सरांनी तेही खोडलं.

मग अपघात उचलून शेवटी नेला.
मग चौकशी आधी, रात्र नंतर.
मग नुसता कंदील, पानभर कंदील.
कट, पेस्ट. तो ट्रक माझ्या माऊसखाली
किती वेळा मागे गेला, किती वेळा पुढे आला,
मरणारा ड्रायव्हर किती वेळा
पुन्हा चहाच्या टपरीवर जाऊन बसला.
बारा वेळा मी ते फाटक उघडं सोडून
सेव्ह केलं.

आणि बाराही खर्ड्यांत एक ओळ जशीच्या तशी,
स्वल्पविरामसुद्धा हलला नाही :
'आत, बायको गाढ झोपली होती.'

माझी मावशी गेटमनच्या घरात नांदली.
तिच्या क्वार्टरात फळीवरची भांडी
गाडीच्या आधी वाजायची.
मालगाडीला ताटं, एक्सप्रेसला नुसत्या वाट्या.
उन्हाळ्यात मी तिच्याजवळ झोपायचे,
तर अंधारात तिचे ओठ हलायचे. जप नव्हे.
ती गाड्या मोजायची.

एका सोमवारी लाइट जाऊन आली,
कॉम्प्युटर चालू होईपर्यंत मी तशीच बसले,
आणि मग त्या ओळीच्या जागी माझ्या हातून आलं :
'मी जागीच व्हती. वाट्या वाजल्या.
मी त्याले हाक मारली का नही,
हे मले कोनी इचारलंच नही.'

प्रिंट काढली. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला,
कागद डोळ्यांजवळ नेला.
बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेत होता, क्लीनर ओरडत होता,
आन दे, आन दे.
'हेमलता, हे कोण बोलतंय?'
फॉन्टची गडबड असेल, म्हणणार होते.
नाही म्हणाले.

सर गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.
दहा महिन्यांत ते कधी बसले नव्हते.
वरची पानं त्यांनी दुमडली, पिशवीत टाकली,
हातात ठेवल्या त्या तीन ओळी.
'मग,' बऱ्याच वेळाने, जरा हळू,
'हाक मारली होती का तिने?'

मावशीने मला एकदा सांगितलं होतं.
दारात ड्रायव्हर उभा, हातात चुरगळलेला कागद.
बसा सर, म्हटलं,
आधी ही बिल्टी काढू द्या. गाडी दिल्लीची आहे.