हॅम्बुर्गचा नळ

चक्की बंद केली तरी थोडा वेळ
कानात पट्टा फिरतच असतो.
गिऱ्हाईक विचारतं, "काय म्हन्ते मंग तुयी जर्मनी?"
"बरी आहे," म्हणतो मी,
आणि डब्याच्या काठावरचं पीठ झाडतो.

जूनमध्ये गेलो होतो, अठरा दिवस,
दोन पोट्टे घेऊन, त्यांच्या मायला भेटायला.
सुलक्षणा तिथं दवाखान्यात सिस्टर आहे,
म्हाताऱ्यांची कूस बदलते,
त्यांच्याच भाषेत त्यांना रागावते.
घ्यायला आली तेव्हा
पियूष माझ्या पायामागं लपला.
मोबाइलमधली आई एवढी उंच नव्हती.

शहर मोठं. फारच मोठं.
चर्चचं टोक बघायला मी मान मागं टाकली,
पोरं मात्र खालीच बघत होती:
कुत्रा ट्रेनमध्ये बसतो, त्याला कोणी हाड म्हणत नाही.
सिग्नलमधला लाल माणूस दिसला की
रिकाम्या रस्त्याच्या कडेलाही लोक उभे,
कुंपणाचे खांब गाडल्यासारखे.
रात्रीचे दहा, तरी उजेड.
"आई, इथला सूर्य झोपत काऊन नाही?"
आईची सकाळची ड्युटी होती.
ती केव्हाच झोपली होती.

एका दिवशी नदीच्या खालून चालत गेलो.
वर जहाजं, मधी पाणी, खाली आम्ही,
भिंतीवर मातीचे मासे बसवलेले.
पियूषनं भिंतीला कान लावला.
"नदी बोलतच नाही बाबा."
आमच्या पूर्णेतूनही मे महिन्यात आम्ही चालत जातो,
पण त्याला बोगदा लागत नाही.

रविवारी पोरं खोलीत धावली. पाच मिनिटं असतील.
संध्याकाळी दाराला चिठ्ठी.
सुलक्षणानं ती दोनदा वाचली, घडी घातली.
"काय लिवलं?"
"लिहिलंय, पोरं गुणाची आहेत."
मग उरलेले दिवस पोरं चवड्यांवर चालली,
चक्कीच्या आवाजात वाढलेली माझी पोरं.

पण खरं नवल न्हाणीत होतं.
ईश्वरीनं दात घासून चूळ भरली,
थुंकायची विसरली, आणि ओरडली,
"बाबा! नळाचं पानी गोड हाय!"

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं.
आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही,
साबण नुसता घासत राहायचा.
बोअरचं पाणी तोंडात घेतलं की
कोणीतरी आधीच रडून गेल्यासारखं.
पोरगी ओंजळीनं पीत राहिली,
सकाळी, दुपारी, रात्री उठून.
परतल्यावर बाईंनी वर्गात उभं करून विचारलं,
परदेशात काय काय पाहिलं?
म्हणाली, नळ.

निघताना तिनं बाटली भरली होती,
वर्गातल्या पोरींसाठी, एकेक घोट.
विमानतळावरच्या साहेबानं बाटलीकडं बोट केलं,
मग कचऱ्याच्या डब्याकडं.
रडली नाही. झाकण उघडलं,
अर्धी स्वतः प्याली, पियूषला पाजली,
तळाचं मला दिलं.
दोरीपलीकडून सुलक्षणा हात हलवत होती,
मलाही हलवायचा होता,
पण हातात बाटली, तोंडात पाणी,
आणि ते गिळवेना.

विमानात दोघांनी मिळून अकरा वेळा
संडासाकडं पळवलं मला.
हेही गिऱ्हाइकाला सांगत नाही.

आता रोज साडेआठला तिचा फोन येतो.
तिथं पाच वाजलेले.
पियूष सांगतो, आज फाट्यावर तो
लाल माणूस हिरवा व्हायची वाट बघत थांबला.
बकऱ्या गेल्या, ट्रॅक्टर गेला, तो उभाच.
"आन् मंग?"
"मंग बाबानं उचलून नेलं."
सुलक्षणा हसते, भांडी विसळता विसळता.
मागं नळ वाहतो.
मी म्हणतो, ठेवू का, तुला काम दिसतं.

ईश्वरी माझ्या हातातून मोबाइल ओढते,
कानाला घट्ट लावते.
"आई, तू बोलू नको थोडा वेळ.
नळ बंद नको करू."