चांदण्यांची वही

एकतीस वर्षं मी तिकिटं विकली, लालबागला.
खिडकीच्या अर्धगोल भोकातून दिसायचे नुसते हात:
ग्रीसचे, मेंदीचे, हळदीचा वास असलेले,
एकदा एकाच नोटेला धरून दोन हात,
पैसे कोणी द्यायचे यावरून चाललेले.
तोंडं फारशी पाहिली नाहीत.
सिनेमे तर नाहीतच.

सिनेमा यायचा पाठीमागच्या भिंतीतून.
तीनचा, सहाचा, नऊचा.
गाणं आलं की भिंत पाठीला गुदगुल्या करायची,
मारामारीला गल्ल्यातली चिल्लर आपोआप सारखी व्हायची.
डोअरकीपर इस्माईलभाई म्हणायचे, बाई, आत येऊन बसा एखाद दिवशी.
एखाद दिवशी हिशेब लागायचा नाही.

यंदा थिएटरच्या जागी पत्रे लागले.
भाचीनं वही आणून दिली. तिचं नाव ऋजुता, पण गडबड फार.
म्हणाली, मावशी, बघशील ते लिही,
आवडेल त्याला चांदणी काढ.

फेब्रुवारी. परळचा मॉल.
बटण दाबलं तर खुर्ची आडवी झाली,
मी झोपले, चांगली मध्यंतरापर्यंत.
खुर्चीला एक चांदणी.

मे महिन्यात प्रभादेवीला, फुकट पासावर.
भाषा कुठली ते विसरले.
एक म्हातारी घराचं दार विकायला निघते,
नुसतं दार, पाठीवर बांधून,
आणि वाटेत जो भेटेल तो आधी कडी वाजवतो.
खाली अक्षरं पळत होती, मी दारच बघत बसले.
तीन चांदण्या. चौथी काढली आणि खोडली,
कारण शेवटी दार विकलं जातं.

कोजागिरीला गच्चीवर चादर बांधून.
दूध आटवण्यात उशीर झाला, जागा मिळाली चादरीच्या मागे.
पाट्या उलट्या, हीरो डावखुरा,
वर चंद्र एवढा की नायिका पुसट.
तरी हसू मात्र पुढच्यांबरोबरच येत होतं.
त्याच्या चांदण्या दुधाच्या डागाखाली गेल्या.

आणि नोव्हेंबरात तो.
आमच्याकडे सत्तावीस आठवडे चाललेला,
मला भिंतीतून तोंडपाठ.
ऋजुतानं फोनवर शोधून दिला,
डब्याला टेकवून ठेवला.

कळलं की दुसऱ्या घंटेनंतर बाप मरत नाही.
आंबे पडले म्हणून ओरडतो.
ज्या नावानं मी नायिकेला सत्तावीस आठवडे ओळखत होते
ते कुत्र्याचं.
ऋजुता हसून हसून लोळली. मीही.

मग ती जागा आली.
तीनच्या खेळाला साडेचारच्या आसपास
भिंत एकदम गप्प व्हायची, तीनेक मिनिटं.
मला वाटायचं ऑपरेटर कोळवणकर रीळ बदलतायत,
वेळखाऊ माणूस.
रोज त्याच वेळेला मी गल्ला उलटा करायचे.
रुपये वेगळे, आठ आणे वेगळे, चार आणे वेगळे.

रीळ नव्हतं ते.
एक बाई धाकट्या बहिणीची वेणी घालत होती.
बहीण उद्या जाणार. कुठे, ते कोणी बोलत नाही.
वेणी पूर्ण होते, ती सोडते, परत घालते.
बस.
आठशे माणसं अंधारात श्वास धरून बसलेली असणार,
आणि भिंतीच्या इकडे मी
चार आणे, आठ आणे.

ऐकू गेलं असेल का त्यांना?
लोअर स्टॉलच्या शेवटच्या रांगेतल्या कोणाला तरी?
कोणाला वाटलं असेल का, की सिनेमातच आहे हा आवाज,
शेजारच्या खोलीत कोणीतरी
बहिणीच्या प्रवासाचे पैसे मोजतंय?

ऋजुतानं विचारलं, किती काढू?
पेन तिच्याच हातात होतं.
मी म्हटलं, थांब जरा, मागे घे.
वेणीपासून लाव.
फोनला आठ टक्के उरले होते.