शून्य-दोन-शून्य-एक

ग्रीनॉकच्या कारखान्यात पहिल्या दिवशी
तिनं नाव सांगितलं, सेंगा,
आणि मला शेंगा ऐकू आलं.
हसू दाबत मी चिमटा उचलला.

ॲग्नेस उलटं वाच, ती म्हणाली,
इकडं ठेवतात असं नाव.
मी लागले तेव्हा कपॅसिटर केवढा होता माहितीये?
आणि एप्रनच्या खिशातून काढून दाखवला :
तपकिरी, कमरेत बारीक, दोन तारा फुटलेला.
खरंच, भुईमुगाची शेंग.

मग पावटा झाला, मग तूर, मग मोहरी.
हे माझं माप. ती बार्ली म्हणायची,
त्याच्या खाली मीठ.
तिची आई पोर्ट ग्लासगोला
जहाजांचे दोर वळायची, मनगटाएवढे जाड.

आता रिळावर येतात ते शून्य-दोन-शून्य-एक.
खसखशीचा दाणा शेजारी ठेवला
तर तो थोरला भाऊ.
इथं शिंक आली की आधी मान वळवायची,
मग शिंकायचं.
एकदा मोजताना मी स्वतःशीच म्हटलं,
फक्त सहा उरले,
आणि 'फ'च्या फुंकरीनं
सहाही गेले.
सेंगा इतकी हसली की तिचेही उडाले.

तांदूळ निवडलेली बोटं माझी,
त्यांना वाटायचं, बारीक म्हणजे काय ते आपल्याला कळतं.

मार्चमध्ये तिच्या हातून एक खाली पडला.
पडलेला शोधायचा नाही, असा नियम.
एकाची किंमत पेनीच्या शंभराव्या भागाइतकीही नसेल.
पण ती गुडघ्यांवर बसली, मग पालथी झाली,
गाल फरशीला टेकवून
टॉर्चचा उजेड आडवा सोडला.
सुपरवायझर घड्याळाकडं बघत उभा.
कुणी हसलं नाही.
बऱ्याच वेळानं बोटाच्या टोकावर
काहीतरी घेऊन ती उठली.
मी भिंगाखाली धरलं.
बिस्किटाचा कण होता.

मी सांगितलं, सापडला.

जाताना तिनं तो जुना कपॅसिटर मला दिला.
चहाच्या सुट्टीत, खिडकीबाहेर क्लाइडवर
धुकं आणि एखादी बोट असते,
तेव्हा मी तो कानाशी नेऊन हलवते.
वाळलेली शेंग अशी हलवली
की आत दाणा वाजतो.

हा वाजत नाही.
तरी हलवते.