झाकण

आमच्या आल्तिप्लानोवर बटाटे लवकर शिजत नाहीत.
बाबा म्हणतात, सरपण ओलं.
सातुर्निना बाई म्हणतात, सरपणाला बोल लावू नका.
आपण समुद्रापासून चार हजार मीटर वर राहतो,
डोक्यावरची हवेची गोधडी इथे विरलेली,
पाण्याला दाबून धरायला पुरेसं कुणी नाही,
ते सत्त्याऐंशी अंशांवरच उसळ्या मारू लागतं.
उकळतंय म्हणजे खूप तापलंय, असं नव्हे.
(हे बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.
आदल्याच दिवशी मी एलोयला ढकललं होतं.)

हवेला वजन असतं, हे मात्र कुणाला पटेना.
"मग तिचं पोतं लामाच्या पाठीवर का लादत नाहीत?"
फेलिसियानोने विचारलं.
बाई हसल्या नाहीत.
"लादलेलंच आहे. तुझ्याही पाठीवर.
आतून तेवढाच रेटा आहे, म्हणून कळत नाही."
फेलिसियानो दिवसभर ताठ चालला.

रोज सकाळी सहाला वही भरायचं काम माझं.
तापमान उणे चार. वारा पश्चिमेचा. ढग नाहीत.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तिथे काय लिहायचं ते ठाऊक नव्हतं,
म्हणून लिहायचे: आई नाही.
बाईंनी ते कधी खोडलं नाही.

आई खाली, युंगासमध्ये, कॉफीच्या मळ्यावर.
सुट्टी लागली तसे मी आणि एलोय मिनीबसने निघालो.
खिंडीत ड्रायव्हरने गाडी थांबवली,
वाटेसाठी जमिनीवर दारू शिंपडली.
तेवढ्यात मी रिकामी बाटली उघडली,
दोनदा वाऱ्यात फिरवली,
झाकण घट्ट पिळलं.
आईला न्यायला: आपली, वरची हवा.

मग उतारच उतार.
कानांत दडे. एलोय थुंकी गिळत बसलेला.
हजार मीटर उतरलं की सहाएक अंश ऊब,
एकेक स्वेटर अंगावरून मांडीवर.
आणि समोरून ढग आमच्या उलटे, चढणीला लागलेले.
जंगलाची ओली हवा डोंगर चढते,
चढता चढता फुगते, फुगते म्हणून गारठते,
गारठली की तिला स्वतःची वाफ पेलवत नाही,
थेंबाथेंबाने टाकून देते.
सगळं पाणी या अंगाला रितं करून
आमच्या दारी येते तेव्हा हात हलवत.
फळ्यावर हा बाण मी दहा वेळा काढलाय.
इथे तो काचेवरून ओघळत होता.

अर्ध्या वाटेत बाटली कुरकुरली.
पोट खपाटीला गेलं, बरगड्या वर आल्या.
"सांडली वाटतं," एलोय म्हणाला.
नाही रे. आत होती तेवढीच आहे.
बाहेरची वाढली.

आई थांब्यावर उभी. हाताला कॉफीची साल चिकटलेली.
"हे काय गं, बासिलिया?"
"हवा."
"हवीच होती," म्हणाली,
आणि बाटली नाकाशी नेऊन तिने झाकण फिरवलं.

फुस्स.

मला वाटलं होतं, इचू गवत येईल,
शेणाच्या धुराचा वास, आमचं अंगण.
बाहेर काहीच आलं नाही.
इथलीच दाट हवा, कुजक्या केळपानांची,
घाईघाईने आत घुसली
आणि बाटली टुणकन गोल झाली.
जास्त दाबाकडून कमी दाबाकडे:
वारा म्हणजे एवढंच, बाईंनी शिकवलं होतं.

आईचे डोळे मिटलेले.
"अगदी तसाच वास," ती म्हणाली.
मला सगळं समजावून सांगता आलं असतं.
मी झाकण खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी वही उघडली.
सकाळचे सहा. एकोणीस अंश. वारा पडलेला.
ढग डोंगराला टेकून.
शेरा: काल रात्री बटाटे लवकर शिजले.