फोनमध्ये जागा नाही

मेडिकलच्या बावीस नंबर वॉर्डात
रात्री अडीचला फोन म्हणाला, जागा भरली.
आईच्या ऑपरेशनचे रिपोर्ट काढता येत नाहीत,
भाचीचा नाच तर नाहीच.
म्हणजे पाचांपैकी चार ॲप जाणार.

सीताबर्डीला, मोबाईल कव्हरच्या दुकानावर
दोन जिने चढून आमचा जर्मनचा क्लास.
अकरा नर्स, एक फिजिओथेरपिस्ट,
आणि गोंडाणे मॅडम, ज्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"ॲप कोणतंही घ्या. पण आधी नाडी पाहा त्याची."

नाडीसाठी मी एकच वाक्य ठेवलं.
सतरा नंबरचे झिंगरूजी कुमरे, देवलापारचे,
कुठं दुखतं विचारलं तर छातीवर हात ठेवत नाहीत,
पोटावरही नाही,
हवेतच कुठंतरी फिरवतात आणि म्हणतात,
"दुखत नाही वो सिस्टर.
मले कसंतरी होऊन राह्यलं."

पहिल्यानं क्षणात उत्तर दिलं, मधाळ आवाजात.
मॅडमनी ऐकलं, चष्मा काढला, डोळे पुसत हसल्या:
"हा म्हणतो, मी कसातरी बनत आहे."
दुसऱ्याला "मले" कळलं नाही, त्यानं "मळे" केलं,
आणि झिंगरूजींच्या छातीत वांगी-टमाटे उगवले.
तिसरं कॅमेऱ्याचं. गोळ्यांचं पाकीट झकास वाचतं,
माणसाच्या तोंडापुढं धरलं की म्हणतं, उजेड कमी आहे.
चौथं रोज संध्याकाळी साडेसातला हाक मारतं,
नाही गेलं तर रुसतं.
त्याच्याकडून मी शिकले, हत्ती सफरचंद खातो.
ब्रेमेनच्या वृद्धाश्रमात हत्ती निघालाच
तर माझी तयारी आहे.

पाचवा नुसता कोश, जर्मन-मराठी.
करडा, मुका, नेट न मागणारा
(बावीसमध्ये नेट फक्त खिडकीच्या तिसऱ्या गजापाशी येतं).
प्रत्येक नामापुढं डेर, डी, दास.
तो, ती, ते.
तिकडं मुलगी नपुंसकलिंगी, म्हणून जिन्सी वैतागली, केरळची.
मी म्हटलं, त्यात काय, ते पोट्टं.

त्याला "कसंतरी" विचारलं.
शब्द सापडला नाही, म्हणाला.
बस, एवढंच. ना अंदाज, ना सारवासारव.
मी ती ओळ पाहतच राहिले.
ड्यूटीवर मला न येणाऱ्या पोरींची भीती नाही,
न येता "येतं" म्हणणाऱ्यांची आहे.
एका शून्यानं डोस दहापट होतो.

मग उगाच बोटानं खाली सरकत गेले, तर एका पानावर
मिर. मला.
मिर इस्ट काल्ट. मला थंडी वाजते.
मिर इस्ट श्लेष्ट. मला मळमळतं.
इंग्रजीत हे सगळं "मी" करतो,
जसं काही ताप आपण होऊन अंगावर घेतला.
तिकडंही ते "मला" होतं!
न विचारता येतं, उशाशी बसतं,
जातं तेव्हाही सांगून जात नाही.
इतक्या लांब, बर्फात, कोणी म्हातारी हवेत हात फिरवेल,
आणि "मला" एवढं तरी
मी चुकणार नाही.

चार ॲप काढले.
चौथं जाताजाता विचारत होतं, नक्की ना?
वहीत लिहिलं, कसंतरी,
आणि समोर तीन ओळी कोऱ्या सोडल्या.

साडेचारला झिंगरूजी जागे, पाय पोटाशी घेऊन.
"काऊन हसून राह्यल्या सिस्टर?"
मी म्हटलं, म्हणा, मिर इस्ट काल्ट.
ते विचारात पडले.
"मीर तं वीस नंबरात होता न,
त्याची काल सुट्टी झाली."

मी दुसरं ब्लँकेट आणायला गेले.